मागे स्वे बार टाकला की जुनी गाडी रस्त्याला चिकटते? त्या फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

क्लासिक गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणे जुन्या गाडीला मागे एक जाडजूड स्वे बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा) टाका, जितका जाड तितका भारी, मागची ग्रिप वाढते, गाडी वळणावर कलत नाही म्हणजे आपोआप सेफ होते, आरामात काडीचाही फरक पडत नाही, कंपनीने तो दिला नव्हता ते फक्त पैसे वाचवायला, आणि बसवायचं काम म्हणजे दोन क्लॅम्प नि चार बोल्ट, अर्ध्या तासात मोकळे. मी स्वे बारच्या विरोधात अजिबात नाही, माझ्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे आहे. पण हा मेसेज वाचून कोणी शनिवारी बार बसवेल आणि रविवारी पावसात गाडी काढेल म्हणून लिहितोय.

"मागची ग्रिप वाढते." नाही हो, उलट आहे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, आणि एकूण किती जाणार हे ठरतं गाडीचं वजन किती, वळण किती जोरात घेतलं, गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आणि डाव्या-उजव्या चाकात अंतर किती यावर. बार टाकून यातलं काहीच बदलत नाही. बार म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एक पीळ खाणारी स्प्रिंग, बस. ती एवढंच ठरवते की त्या सरकणाऱ्या भारातला किती वाटा पुढच्या जोडीने घ्यायचा आणि किती मागच्या. मागे बार टाकला की मागचा वाटा वाढतो. आता टायरचा स्वभाव असा की त्याच्यावर भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, वाढते पण कमी वाढते. म्हणजे आतल्या टायरने जेवढी पकड घालवली तेवढी बाहेरचा टायर भरून काढू शकत नाही आणि जोडीची मिळून पकड घटते. मागे बार टाकला की मागची पकड कमी होते आणि पुढची वाढते, हा हिशोब एकदा डोक्यात बसला की बाकी सगळं सोपं आहे.

मग लोकांना गाडी भारी का वाटते? कारण बऱ्याच जुन्या गाड्या मुळातच अंडरस्टीअर करणाऱ्या, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं तरी नाक बाहेर पळणार. बार टाकल्यावर पुढच्या चाकांना थोडी मोकळीक मिळते, नाक आत वळतं, गाडी चपळ लागते. तो फील खरा आहे, मी तो नाकारत नाही. फक्त तो मागच्याकडून उसना घेतलेला आहे. कोरड्या रस्त्यावर मागे शिल्लक असते म्हणून कळत नाही, ओल्यात कळतं.

मला कळलं ते एका मित्राच्या शेजारी बसून. मागे पाट्यांच्या स्प्रिंगांवर बसवलेला एक्सल असलेली जुनी सेडान, पुढे बार नाही, मागे त्या मेसेजमधल्यासारखाच जाड बार नुकताच टाकलेला. पहिला पाऊस पडून गेलेला, वेग फार नव्हता, वळणात थोडं जास्त वाटलं म्हणून त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, कोणीही उचलेल, आणि मागची बाजू एकदम सुटली. मला समोरच्या काचेतून रस्ता दिसायचा बंद झाला आणि रस्त्याकडेचं गवत दिसायला लागलं. पाय उचलल्यावर भार पुढे गेला, मागे आधीच कमी असलेली पकड आणखी गेली. गाडी आडवी होऊन थांबली, समोरून कोणी नव्हतं म्हणून निभावलं. ह्या गाडीबद्दल पुन्हा सांगतो खाली.

मागच्या चाकांना ड्राइव्ह असेल आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअर) साधं असेल तर अजून एक भानगड होते, जाड बार वळणात आतलं मागचं चाक हलकं करतो, ते जागेवर फिरायला लागतं आणि वळणातून बाहेर पडताना गाडी पुढे ढकललीच जात नाही. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असेल तर हा त्रास नाही, तिथे मागचं आतलं चाक जमिनीवरून उचललं गेलं तरी ड्राइव्ह चालू राहतो, म्हणून त्या गाड्यांना मागचा बार जास्त मानवतो. मेसेजमध्ये हा फरकच नाही, सगळ्या जुन्या गाड्यांना एकच औषध.

"कंपनीने पैसे वाचवायला दिला नाही." काही ठिकाणी पैसे वाचवले असतील, पण कंपन्यांनी नंतर काय दुरुस्त्या केल्या ते बघा. शेव्हर्ले कॉर्व्हेअरचं इंजिन मागे आणि मागे स्विंग एक्सल, म्हणजे मधोमध बिजागरीसारखा जोडलेला, प्रत्येक चाकाचा अर्धा-अर्धा एक्सल, सुरुवातीच्या गाड्यांची मागची बाजू सुटायची म्हणून बोंब झाली. 1964 च्या मॉडेलला कंपनीने अँटी-रोल बार, म्हणजे स्वे बारच, स्टँडर्ड केला, पण कुठे? पुढे. मागे आडवी पाट्याची स्प्रिंग टाकली. फोक्सवॅगन बीटलच्या 1967 च्या मॉडेलला मागे जो बार आला तो बघून लोक स्वे बार समजतात, पण तो उलट्या जोडणीचा आहे, दोन्ही चाकं एकदम वर आली तरच काम करतो आणि गाडी कलताना काही करत नाही, त्यामुळे मागच्या मुख्य स्प्रिंगा नरम ठेवता आल्या. म्हणजे कंपनीने मागचा कडकपणा मुद्दाम कमी केला. अशा स्विंग एक्सलच्या गाडीला फक्त मागे स्वे बार टाकणं म्हणजे त्यांनी जे निस्तरलं ते पुन्हा ओढवून घेणं. आणि एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या, 1974 च्या शेवटी रबर बंपर आले, गाडी उंच केली, पुढचा बार स्टँडर्डमधून काढला, आणि ती भयंकर कलायला लागली. 1976 मध्ये कंपनीने ते सावरलं तेव्हा मागे बार दिलाच, पण त्याबरोबर पुढेही जाड बार दिला. दोन्ही एकत्र.

"जितका जाड तितका भारी." भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. 16 मिमीच्या जागी 19 चा घातला तर जवळजवळ दुप्पट, 19 च्या जागी 22 चा घातला तर साधारण 1.8 पट. तीन मिलिमीटर हातात धरून जाणवणारही नाहीत इतके थोडे, आणि परिणाम हा. शिवाय नुसता व्यास बघून चालत नाही, बारचा हात, म्हणजे टोकाला वळलेला भाग, जितका आखूड तितका तो कडक, हात 20 टक्क्यांनी आखूड झाला तर दीडपटीहून जास्त फरक पडतो. ॲडजस्टेबल बार घेतलात तर लिंक (बारच्या टोकाला जोडणारी छोटी दांडी) सगळ्यात टोकाच्या भोकात लावून सुरुवात करा, तिथे तो सगळ्यात नरम असतो.

"कलत नाही म्हणजे सेफ." यात थोडं तथ्य आहे ते आधी मान्य करतो. जुन्या गाड्यांच्या पुढच्या सस्पेन्शनची भूमिती अशी असते की गाडी कलली की बाहेरचं पुढचं चाकही बाहेर कलतं, टायरचा पट्टा नीट टेकत नाही, तेव्हा कलणं कमी झालं तर पुढच्या टायरला फायदा होतो. पण मागे अखंड एक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, असेल तर गाडी कितीही कलली तरी मागची चाकं रस्त्याला जवळपास सरळच राहतात, त्यांना हा फायदा मिळतच नाही, वाट्याला फक्त तोटा. आणि कलणं ही ड्रायव्हरला मिळणारी सूचना असते. ती पुसून टाकली की गाडी शेवटपर्यंत ठीक वाटते आणि मग एकदम सुटते.

"आरामात फरक नाही" हे अर्धं खरं. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर गेली तर बार नुसता फिरतो, काही करत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही ओढतो, गाडी डावी-उजवी डोलते.

आता तो अर्धा तास. माप बरोबर, किट त्याच गाडीचं आणि खालचा पत्रा ठणठणीत असेल तरी अर्धा दिवस धरा. आधी तारेचा ब्रश आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली झोपा आणि जिथे ब्रॅकेट येणार तिथला पत्रा टोचून बघा, स्क्रूड्रायव्हर आत गेला तर आधी वेल्डिंगचं काम. चेसिस पोकळ असेल तर बोल्ट आवळताना ती चेपते, आत नळीचा तुकडा घालावा लागतो. नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यात तर वायसर लावून बोल्ट मारूच नका, बार ओढायला लागला की पत्रा फाटतो, मागून रुंद प्लेट द्या. बार कुठे अडला तर तापवून वाकवू नका, त्याला वेल्डिंगही करू नका, स्प्रिंग स्टीलचं टेंपर (उष्णतेने दिलेली ताकद) गेलं की तो तिथेच तुटणार. आणि एक चाक जॅकवर, एक जमिनीवर असं ठेवून लिंक जोडू नका, बारला आधीच पीळ बसतो आणि गाडी डावीकडे एक नि उजवीकडे एक वळते. दोन्ही चाकांवर भार असताना, गाडी नेहमीच्या उंचीवर असताना शेवटचं आवळा. पॉलियुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारख्या रबराचे) बुश, म्हणजे बार धरणाऱ्या गाद्या, असतील तर सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर करकर सुरू.

मित्राच्या त्या गाडीकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी आम्ही ती वर घेतली. टॉर्च मारला तर एक्सलवरून जाणाऱ्या ब्रेक पाइपवर नखाएवढी चकचकीत जागा दिसली, बोट फिरवलं तर खाच लागली. उभ्या गाडीत बार आणि पाइपमध्ये बोटभर अंतर होतं. मग आम्ही चेसिसला टेकू देऊन एक्सल पूर्ण खाली सोडला तेव्हा बार बरोबर त्या खाचेत जाऊन बसला. उभ्या गाडीत बघून काही कळत नाही, एक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन पाइप, सायलेन्सर, टाकी, शॉकअप सगळीकडे बघावं लागतं, बारचा हात लिंकसकट पलटी तर खात नाही ना तेही.

पाइप बदलला, बार काढून ठेवला. मग त्याने क्रमाने केलं, आधी टायर, कारण ते शिळ्या भाकरीसारखे कडक झाले होते, मग शॉकअप आणि पाट्यांचे बुश, मग पुढे बार, आणि शेवटी मागे पुन्हा बार, ह्या वेळी बारीक. मोकळ्या पटांगणात पाणी मारून लिंक लावून आणि लिंक काढून दोन्ही प्रकारे चालवून बघितली. लिंक लावून नाक छान आत येत होतं आणि पाय उचलला तरी मागची बाजू जागेवर राहत होती, तेव्हा त्याने लिंक तशाच ठेवल्या. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळले, आणि टॉर्च घेऊन पुन्हा खाली झोपून पाइप बघितला. नवीन पाइपवर एक ओरखडा नव्हता.