‘९५च्या खाली कॉम्प्युटर विसरा’ म्हणे!

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर हा मेसेज उगवतोच: ‘९५ पर्सेंटाइलच्या खाली कॉम्प्युटर विसरा. फॉर्मात मोठी कॉलेजं वर टाकू नका, नंबर वाया जातो. पहिल्या राउंडला लागलं नाही तर लगेच मॅनेजमेंट सीट बुक करा.’ यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि ९१ पर्सेंटाइलवाली भाची त्या रात्री न जेवता झोपली. म्हणून हा खटाटोप.

आधी ९५चं बघू. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा दिलेल्या दर शंभरांत आपल्या मागे किती, एवढंच ते सांगतं. २०२४ ला पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) गटात तीन लाखांच्या आत मुलं बसली होती, २०२५ ला चार लाखांच्या वर. म्हणजे ९५वाल्याच्या पुढे आधी पंधरा हजारांच्या आत मुलं होती, वर्षभरात ती वीस हजारांच्या वर गेली. आकडा तोच, रांग लांबली. दुसरीकडे जागाही हलल्या. एका शाखेला २४० जागांची मर्यादा होती, ती एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून काढली आणि कॉलेजांना कॉम्प्युटरच्या जागा वाढवायला वाट मिळाली. अशा वेळी मागच्या वर्षीचा पर्सेंटाइल घेऊन काय करणार? मेरिट नंबर बघा, म्हणजे गुणवत्ता यादीतला क्रमांक.

आणि तो बघायचा कुठे, तर कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, कटऑफच्या पीडीएफमध्ये. कॉलेजचं नाव, खाली शाखेचा कोड, त्याखाली चौकटींची रांग: जीओपनएच, एलओपनएच, ईडब्ल्यूएस, टीएफडब्ल्यूएस. प्रत्येक चौकटीत वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. सुरुवातीचा ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखीव. शेवटचा ‘एच’ होम युनिव्हर्सिटीचा, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठात त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्यांचा, ‘ओ’ बाहेरच्यांचा, ‘एस’ राज्य पातळीचा. भाची साताऱ्याची, म्हणजे शिवाजी विद्यापीठाची. सांगली-कोल्हापूरच्या कॉलेजांत तिनं ‘एच’ बघायचा, पुण्यात ‘ओ’. ती पहिल्यांदा टीएफडब्ल्यूएसचा आकडा वाचून घाबरली होती. तिथे शिकवणी फी माफ असते, जागा मूठभर, त्यामुळे तो आकडा बहुधा चढाच असतो. मेसेजमधला ९५ यातल्या कुठल्या चौकटीतला, हे लिहिणाऱ्याला तरी माहीत असेल का? पुण्याच्या सीओईपी आणि मुंबईच्या व्हीजेटीआय या नावाजलेल्या कॉलेजांत कॉम्प्युटरला ओपनमध्ये ९९ही पुरत नाहीत, आणि ९५च्या बऱ्याच खालीही कॉम्प्युटरला प्रवेश झालेली कॉलेजं त्याच पीडीएफमध्ये पानोपानी आहेत.

‘मोठी कॉलेजं वर टाकू नका’ हे तर साफ चूक. वाटप मेरिटच्या क्रमानं होतं. तुमची पाळी आली की तुमची पर्यायांची यादी वरून खाली तपासली जाते आणि जिथे पहिल्यांदा जागा सापडेल ती मिळते. वरचं हुकलं म्हणून खालचं जात नाही. धोका वेगळाच आहे. २०२५ पासून चार राउंड झाले. पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला, दुसऱ्याला पहिल्या तिनांतला किंवा तिसऱ्याला पहिल्या सहांतला, तर ती सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते. घ्या, नाहीतर पुढच्या राउंडमधून बाहेर. तेव्हा ‘उगाच असू दे’ म्हणून नको असलेलं कॉलेज वरच्या सहांत घालू नका.

राखीव गटातल्यांना मात्र हा मेसेज जे सांगायला हवं ते सांगतच नाही. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही की नाव ओपनमध्ये जातं, आणि मग तुम्ही आखलेली सगळी चौकटच बदलते.

राहिली मॅनेजमेंट सीट, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती जागा. पहिल्या राउंडनंतर आयआयटी-एनआयटीला गेलेल्यांच्या जागा सुटतात, लोक शाखा बदलतात, आणि बऱ्याच ठिकाणी पुढच्या राउंडला कटऑफ खाली येतो. घाई कुणाच्या सोयीची, हे ओळखा. मेहुण्यांना एकाचा फोन आला होता, ‘उद्यापर्यंतच सीट आहे, वरचे रोख द्या.’ मेहुण्यांनी पावती मिळेल का विचारलं, तर फोन कट. अशा वरच्या पैशांवर, म्हणजे कॅपिटेशन फीवर, आपल्याकडे १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे.

भाचीची यादी एकतीस पर्यायांवर पोचलीय. पहिला अजून ठरत नाही. आई सांगली म्हणते, तिला पुणं हवंय.