झुलूंचा सोबांतू

दक्षिण आफ्रिकेतलं पीटरमॅरिट्झबर्ग म्हटलं की आपल्याला आठवतं ते स्टेशन, जिथे १८९३ साली गांधीजींना गाडीतून खाली उतरवलं. त्याच्या दहाच वर्षं आधी नाताळ या इंग्रज वसाहतीचा पहिला अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचा) बिशप त्या गावी पुरला गेला. जॉन विल्यम कोलेन्सो. या माणसाबद्दल मला फार दिवस लिहायचं होतं.

मी गणित शिकवते, म्हणून आधी ओढली गेले ती त्याच्या गणिताकडे. कोलेन्सो केंब्रिजचा. त्याची अंकगणिताची पुस्तकं इंग्लंडच्या शाळांत वर्षानुवर्षं चालली. १८५३ मध्ये बिशप झाला, १८५५ मध्ये बायकामुलांसह आफ्रिकेत राहायला आला, तिथल्या झुलू लोकांची भाषा शिकला, तिचं व्याकरण लिहिलं, शब्दकोश केला, नवा करार झुलूत आणला. बहुपत्नीक माणूस ख्रिस्ती झाला तर बाकीच्या बायकांना हाकलून द्यायला लावणं त्याला क्रूर वाटे. त्या बायकांनी आणि पोरांनी जायचं कुठे?

भाषांतराच्या कामात विल्यम न्गिदी त्याच्या जोडीला होता. नोहाच्या प्रलयाशी येऊन न्गिदी थांबला. हे सगळं खरंच असं घडलं? उष्ण नि थंड मुलखांतले सगळे प्राणी जोडीजोडीने तारवात शिरले? आणि मांस खाणाऱ्यांना नोहाने खायला काय घातलं?

कोलेन्सो खोटं बोलू शकला नाही. उलट पाटी-पेन्सिल घेऊन बसला. बायबलच्या लेवीय या पुस्तकात सगळी मंडळी दर्शनमंडपाच्या, म्हणजे इस्राएलींच्या उपासनेच्या तंबूच्या, दाराशी जमली असं लिहिलंय. नुसते पुरुषच सहा लाख. मंडपाची रुंदी अठरा फूट, म्हणजे एका रांगेत खांद्याला खांदा लावून नऊजण. मग रांगांची लांबी जाते सुमारे वीस मैलांवर! हे वाचलं तेव्हा मी खरंच वहीत गुणाकार करून पाहिला.

१८६२ मध्ये हे पुस्तकात छापून आलं आणि पुढे केपटाउनचे बिशप ग्रे यांनी त्याला पाखंडी ठरवून पदावरून काढलं. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायमंडळाने, १८६५ मध्ये तो निकाल रद्द केला. पण मला खुपतं ते दुसरंच. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत प्रश्न विचारणारा आहे नुसता एक साधाभोळा, हुशार नेटिव्ह. नाव नाही. ज्याने बिशपला हलवलं त्याला तिथे नाव मिळायला हवं होतं.

पुढे १८७४ मध्ये लांगालिबालेले या ह्लुबी जमातीच्या सरदारावर अन्यायाने खटला चालला. कोलेन्सो त्याच्यासाठी उभा राहिला आणि नाताळ सरकारचा आफ्रिकी लोकांचा कारभार पाहणाऱ्या शेपस्टोनशी असलेली वीस वर्षांची मैत्री तुटली. १८७९ मध्ये इसांडल्वानाला झुलूंशी झालेल्या लढाईत इंग्रज फौज कापली गेली, नाताळमधले गोरे सूडाने पेटले होते. अशा वेळी हा म्हातारा कॅथेड्रलमध्ये उभा राहून म्हणाला, झुलूही आपल्या राजासाठी आणि मायभूमीसाठी शौर्याने मेलेत. घरची माणसं गमावलेल्यांसमोर हे बोलायला काय छाती लागली असेल!

झुलू त्याला ‘सोबांतू’ म्हणत, लोकांचा बाप. २० जून १८८३ रोजी तो गेला. त्याची मुलगी हॅरिएट पुढे कितीतरी वर्षं झुलू राजपुत्र दिनुझुलूसाठी झगडत राहिली.