लीक बोर्डाला जंपर का नको: धुळ्याच्या वाचकाला उत्तर

भाऊ, लीक बोर्डाला जंपर टाकू नका आणि लाइन नायट्रोजनने तपासा, या माझ्या लेखावर तुम्ही प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही तसंच देतो. तुमच्या दोन तक्रारी आहेत. एक, ऐन मे महिन्यात आर-32च्या (एसीतला, थोडा ज्वलनशील गॅस) डक्टेबल युनिटचा (छतातल्या डक्टमधून थंड हवा देणारा एसी) लीक बोर्ड, म्हणजे गॅस गळतीचा सेन्सर जोडलेलं सर्किट, उगाच ट्रिप होतो, ग्राहक डोक्यावर बसतो, तेव्हा जंपर (बोर्डाला वळसा घालणारी वायर) टाकून मशीन सुरू करणंच शहाणपणाचं. आर-32 म्हणजे काही एलपीजी नव्हे. दोन, गळती तपासायला पाइपात नायट्रोजन भरून रात्रभर ठेवलं तर सकाळी गेजवर 20-22 पीएसआय (दाबाचं एकक) कमी दिसतात, पण साबणाच्या पाण्याला कुठेच फुगा येत नाही, मग ही टेस्ट काय कामाची?

दुसरी तक्रार आधी घेतो, कारण चूक माझी आहे. तापमानाचा हिशेब मी लिहायला हवा होता. दुपारी पाइप 45 अंशांवर असताना 400 पीएसआय भरलं आणि पहाटे पाइप 28 अंशांवर आला, तर एक थेंब न गळताही काटा 378च्या आसपास येतो. गेजच्या आकड्यात हवेच्या दाबाचे 14.7 मिळवा, 301 भागिले 318 ने गुणा (दोन्ही तापमानांत 273 मिळवून आलेले केल्विन), पुन्हा 14.7 वजा करा. 22 पीएसआय तिथेच गेले. म्हणजे तुमची लाइन बहुधा घट्ट आहे. भरताना आणि वाचताना पाइपला क्लॅम्प थर्मामीटर लावून दोन्ही तापमानं लिहून ठेवा. हवेचं तापमान चालणार नाही, गच्चीवरच्या आउटडोअरचा पाइप उन्हात हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. दाब नेमप्लेटवरच्या मर्यादेतच, आणि कोरडा नायट्रोजनच. ऑक्सिजन चुकूनही नको, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

आता जंपर. आर-32ची ज्योत हळू पसरते, पेटायला हवेत 14.4 टक्के गॅस लागतो, एलपीजीला 2 टक्क्यांच्या आसपास पुरतो. इथवर तुमचं बरोबर. पण हा गॅस हवेपेक्षा जड. फॉल्स सीलिंगमधून गळला तरी बंद दुकानात खाली येऊन फरशीलगत साचतो. म्हणून बोर्ड दोन कामं करतो: कॉम्प्रेसर बंद, ब्लोअर (आतला पंखा) चालू, म्हणजे साचलेला गॅस हवेत मिसळून विरळ होतो. कॉम्प्रेसरचा सिग्नल बोर्डाच्या रिलेला वळसा घालून थेट कॉन्टॅक्टरला (कॉम्प्रेसरचा मोठा स्विच) दिलात, की सेन्सर ओरडत असतानाही गळक्या कॉइलकडे गॅस ढकलला जात राहतो. याच कारणाने ट्रिप झाल्यावर एमसीबी पाडून रीसेट करायची सवयही वाईट. ब्लोअर थांबतो, गॅस खाली बसतो. पॉवर राहू द्या, शटर उघडा, काउंटरवरची अगरबत्ती आणि चहाचा स्टोव्ह विझवा.

मग एलईडीचा कोड बघा. लीकचा कोड वेगळा, सेन्सर फॉल्टचा वेगळा. तक्ता बहुधा पॅनलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. फॉल्ट असेल तर कनेक्टरमधली ओल, ड्रेन ट्रे तुंबून सेन्सरपर्यंत आलेलं पाणी, आणि कॉन्टॅक्टर ओढताना कंट्रोल सर्किटचे 24 व्होल्ट किती खाली जातात, हे तिन्ही तपासा. कापसाच्या जिनिंग मिलजवळच्या युनिटमध्ये सेन्सरच्या जाळीवर कापसाचे तंतू बसतात, ते मऊ ब्रशने काढा, ब्लोअरगनने नव्हे. लीकचा कोड असेल तर आदल्या दिवशी कॉइल क्लीनर, थिनर किंवा सिलिकॉन स्प्रे वापरला होता का, ते विचारा. काही सेन्सर त्यांच्या वाफांनाही फसतात, सिलिकॉनने तर कायमचे खराब होतात. यातलं काहीच नसेल, तर लीक खरा धरूनच कामाला लागा.

लीक शोधायला आर-32 ओळखणारा डिटेक्टर हवा. जुना हॅलाइड टॉर्च (ज्योतीचा रंग बदलून गळती दाखवणारा) बाजूला ठेवा: तो क्लोरीन पकडतो, आर-32मध्ये क्लोरीन नाही, आणि वर उघडी ज्योत. फ्लेअर नट (पाइपचं रुंद केलेलं तोंड आवळणारा नट), व्हॉल्व्हची पिन, कॉइलचे यू-बेंड, या क्रमाने फिरा. पाव इंची नटाला टॉर्क साधारण 14 ते 18 न्यूटन-मीटर. पान्यावर अंगाचा भार टाकला की फ्लेअर चिरतो.

काम झाल्यावर लायटरच्या गॅसने सेन्सर तपासू नका. मशीन चालू असताना सेन्सरचा प्लग काढा. कॉम्प्रेसर थांबून ब्लोअर फिरायला हवा. कॉम्प्रेसर थांबला नाही, तर बहुधा कुणीतरी आधीच जंपर टाकून गेलंय, ती वायर शोधा.