‘पूर्वी घरोघरी एकत्र कुटुंब होतं’ हा मेसेज अर्धाच खरा

‘पूर्वी प्रत्येक घरात तीन पिढ्या एका पंगतीला जेवायच्या, शहरांनी कुटुंबं फोडली,’ असा मेसेज सध्या फिरतोय. वाचायला गोड आहे, पण साधा हिशेब चुकलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही आत होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता, तरी नातवाचं बारसं पाहायला प्रत्येक घरात आजोबा उरायचे कुठे? समाजशास्त्रज्ञ ए. एम. शाह यांनी गुजरातेतल्या राधवणज गावची १८२५ची घरगणती तपासली, तर तिथेही छोटी कुटुंबं भरपूर निघाली.

दुसरी गफलत ‘एकत्र’ या शब्दाची. इरावती कर्वे यांच्या व्याख्येत एक छप्पर, एक चूल आणि सामाईक मालमत्ता हे सगळं येतं. प्रत्यक्षात सातबाऱ्यावर चारही भावांची नावं, पण माजघरात भिंत घालून चुली दोन, हे आपल्याकडे नवं नाही. मग ते घर विभक्त की एकत्र? गिरणीतला चाकरमानी मुंबईत खोलीवर राहायचा, पण त्याच्या मनीऑर्डरवर कोकणातलं घर चालायचं. त्याला घर फोडणारा कोण म्हणेल?

शहरांमुळे काहीच बदललं नाही, असंही नाही. मुलं कमी झाली, म्हातारपण लांबलं. पण तो मेसेज याबद्दल गप्पच आहे.