टेंटमध्ये राहायला जायचंय? आधी एक रात्र गच्चीवर झोपून बघा

दिवाळी झाली की आमच्या ग्रुपवर दरवर्षी ठरतं, यंदा हॉटेल नको, टेंटमध्ये राहू. नागपूरजवळ खिंडसी आहे, पेंचची बाजू आहे, उमरेडकडेही सोय आहे. फोटोही सुंदर येतात. पण ते सगळे फोटो संध्याकाळचे असतात. हे आपल्याला झेपतं की नाही ते रात्री दोन ते पहाटे पाचमध्ये कळतं, म्हणून हे लिहितेय.

मागच्या जानेवारीत आम्ही सहा जण नवेगाव खैरीच्या धरणाजवळ मुक्कामाला होतो. सोबत सासूबाई, वय ६८. दीडच्या सुमारास त्यांनी मला हलवलं, "सूनबाई, मले उठताच येऊन नाही राहिलं." गुडघे आखडले होते. मी चेन उघडून बाहेर आले आणि वाकून त्यांना दोन्ही हातांनी ओढून काढलं. शौचालय शंभरेक पावलांवर, वाटेत दिवा नाही. परत आल्यावर त्या गप्प पडून राहिल्या. सकाळी उशाशी तांब्या दिसला, काठोकाठ भरलेला. पुन्हा उठावं लागू नये म्हणून त्यांनी रात्रभर पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तो तांब्या अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून बुकिंगच्या आधी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. "माझं काय, मी कुठेही झोपतो" म्हणणाऱ्याला दोनदा विचारा. जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का? रात्री किती वेळा उठावं लागतं? पाळी आहे का? हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तिथे अंधारात सांगायला त्याहून जास्त वाटतो.

थंडीचंही तसंच. उन्हाळ्यात ४५ अंश सोसणाऱ्या आपल्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला होता. धरणाकाठी, उघड्यावर तर जास्तच गारठतं. लोक अंगावर दोन-दोन रजया घेतात आणि खाली एक सतरंजी. गारठा मात्र जमिनीतून वर येतो, तेव्हा जाड अंथरूण खाली हवं. आणि हात जोडून सांगते, कितीही कुडकुडलात तरी शेगडी टेंटच्या आत नेऊ नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही.

तळ शिवलेला, चेन पूर्ण लागणारा टेंट आहे का, तेही विचारा. मण्यार हा विषारी साप, रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बरेचदा दंश जाणवतही नाही. गवत वाढलेली जागा नकोच. २०१८ मध्ये नागपुरात स्क्रब टायफस या तापाचे किती रुग्ण होते आठवतं ना? तो गवता-झुडपांतल्या बारीक किड्यांमुळे होतो. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर गवतात झोपलो होतो हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

हे वाचून जाऊच नका असं वाटत असेल, तर तसं मला म्हणायचं नाही. पेंच जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा काळोख जपलेली जागा झालं, ते उगीच नाही. त्याच मुक्कामात पहाटे चारला माझा अकरा वर्षांचा मुलगा कानटोपी घालून बाहेर उभा होता. "आई, आपल्या घरावर एवढे तारे काऊन नाही दिसत?" तो त्या रात्री दोन तासही झोपला नाही, आणि आजही पुन्हा कधी जायचं म्हणून मागे लागतो. एकाच टेंटमध्ये एकीची रात्र सरत नव्हती आणि एकाला ती संपू नये असं वाटत होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, पैसे भरण्याआधी डिसेंबरात एक रात्र गच्चीवर काढा. टेंट कोणाकडून मागून आणा, खाली तेच अंथरूण घाला, फोन घरात ठेवा, आणि रात्री उठायची वेळ आली तर जिना उतरून जा. आपल्याकडे पूर्वी उन्हाळाभर अख्खं घर गच्चीवर झोपायचं, त्यामुळे शेजारी काही म्हणणार नाहीत. पहाटेपर्यंत ज्याचं त्याला कळतं.

आम्ही या शनिवारी तेच करतोय. सासूबाईंना यंदा आधीच विचारलं. त्या म्हणाल्या, "जेवून खाली आणून सोडसान त येतो." दीर त्यांना रात्री नऊला गच्चीवरून खाली आणणार आहेत, आणि जेवण त्यांच्या पसंतीचं, झुणका-भाकर.