पहाटे तीनला उठा म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

मागच्या महिन्यात भाच्याच्या रूम पार्टनरचा मला फोन आला. दोघं लातूरला एका खोलीत राहून नीटची तयारी करतात. पोरगा जळकोटकडचा, एरवी कधी फोन न करणारा. म्हणाला, "आत्या, ह्याचं काहीतरी बिघडलंय. अकराला झोपतो अन् तीनला उठतो. माझ्याशी बोलणं बंद केलंय, मेसला पण एकटाच जायलाय. काल रात्री क्लासवरून येताना गाडीवर डुलकी लागली, दुभाजकाला घासला. घरी सांगू नको म्हणलाय, पण मला राहवलं नाही."

दुसऱ्या दिवशी उदगीरहून सकाळच्या एसटीनं मी लातूर गाठलं. लेकराचा गुडघा सोलवटलेला, डोळे खोल गेलेले. टेबलासमोरच्या भिंतीवर वहीचं पान चिकटवलेलं आणि त्यावर सात सूत्रं लिहिलेली. मी ती लगेच ओळखली. आमच्या घरच्या ग्रुपवर माझ्याच दादानं, म्हणजे त्याच्या वडिलांनी, ती पाठवली होती. वर लिहिलं होतं, 'आपल्या लेकरांनी वाचावं असं.' खाली सगळ्यांनी हात जोडले होते. मी विज्ञान शिकवते, पण मीही तेव्हा ते वरवर पाहून सोडून दिलं. आता सोडणार नाही.

मेसेज थोडक्यात असा. चार तास झोप पुरे, बाकीची आळस, एडिसन चारच तास झोपायचा. पहाटे तीनला, ब्रह्ममुहूर्तावर उठा, तेव्हा हवेत 41 टक्के ऑक्सिजन असतो. जास्त झोप म्हणजे तमोगुण, असं आयुर्वेद सांगतो. दुपारची झोप म्हणजे विष. मित्र म्हणजे वेळेचे चोर, मनातलं कोणाला सांगू नका, लोक मागं हसतात. झोप आली तर कडक चहा घ्या. झोपण्याआधी तासभर फोन बंद ठेवा.

शेवटचं सूत्र बरोबर आहे. बाकीच्यांकडे येते.

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्यानं केलंय, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक प्रयोग झाला, तो 2003 साली छापून आला. 21 ते 38 वयाची 48 धडधाकट माणसं घेतली. काहींना सलग 14 रात्री 8 तास झोपू दिलं, काहींना 6, काहींना 4. एका गटाला तीन दिवस अजिबात झोपू दिलं नाही. दिवसभर त्यांच्या छोट्या छोट्या चाचण्या घ्यायच्या: पडद्यावर आकडा दिसला की बटण दाबायचं, दिलेलं लक्षात ठेवायचं, सोप्या बेरजा करायच्या. 8 तास झोपणारे बहुतेक जागच्या जागी राहिले. 6 आणि 4 तासवाले रोज थोडे थोडे घसरत गेले. चार तासवाल्यांची गत पंधरवड्याच्या शेवटी अशी झाली, जशी सलग दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाची होते.

पण मला त्यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. ह्या माणसांना रोज विचारलं जायचं, झोप येतेय का? पहिले काही दिवस ती हो म्हणाली. मग त्यांचं उत्तर फारसं बदलेना. इकडे चाचणीत चुका वाढतच होत्या, आणि त्यांना वाटत होतं, थोडी पेंग येते एवढंच. म्हणजे झोप तुटली की मेंदू मंदावतो, आणि आपण मंदावलोय हे ओळखायची ताकदही जाते. माझा भाचा मला अगदी हेच म्हणाला होता, "आत्या, मला काही होत नाही, सवय झालीय." त्याच तोंडानं दहा मिनिटांनी म्हणाला, "वाचलेलं डोक्यात राहीना गेलंय." दोन्ही वाक्यं एकमेकाला जोडायला त्याला सुचलं नाही. सुचणार तरी कसं?

बरं, तयारी कशाची चाललीय ते तरी बघा. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकलं तर 1 वजा. क्षणभर लक्ष उडालं, 'अयोग्य पर्याय निवडा' यातला 'अ' नजरेतून निसटला, की पाच गुणांचा फरक पडतो. आणि पेपर सुरू होतो दुपारी 2 वाजता, मे महिन्याच्या उन्हात. तीनला उठायची सवय लागलेलं लेकरू पेपर हातात पडतो तेव्हा 11 तास जागं असतं. ज्या वेळेला डोकं सगळ्यात तल्लख हवं, ती वेळ पेंगेची करून ठेवायची, याला तयारी म्हणायचं?

13 ते 18 वयाच्या मुलांना 24 तासांत 8 ते 10 तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिननं 2016 साली सांगितलंय. मोठ्या माणसांना किमान 7. माझा भाचा 17 वर्षांचा आहे. ह्या वयात शरीराचं घड्याळच जरा पुढं सरकलेलं असतं, झोप उशिरा येते आणि जागही उशिरा येते. आई-बापाला तो माज वाटतो. तो माज नसतो.

आणि तो दुभाजक. तीनला उठलेलं पोरगं रात्री 8 वाजता 17 तास जागं असतं. एवढ्या जागरणानंतर माणसाची चपळाई साधारण 100 मिलीलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असल्यासारखी होते, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2000 साली मोजून दाखवलं. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. दादा, तू पोराला पिऊन गाडीवर बसू दिलं असतंस का?

एक गोष्ट मान्य करते, मनाविरुद्ध. कमी झोपेवर खरंच तगून राहणारी माणसं असतात. कॅलिफोर्नियात 2009 साली एका घराण्यात तसा जनुकीय बदल सापडला. पण ती माणसंसुद्धा सहा तासांच्या वर झोपत होती, आणि असा बदल फार विरळा. चारला कोणीही पोचलेलं नव्हतं. एडिसनचं म्हणाल, तर तो झोपेला वेळेचा अपव्यय म्हणायचा हे खरं. पण त्याच्या वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेतल्या ग्रंथालयात त्याच्यासाठी एक खाट टाकलेली होती आणि तो दिवसा मधे मधे झोपायचा. मेसेज लिहिणाऱ्यानं ती खाट गाळली.

दादाला हा मेसेज इतका का पटला असेल, याचा मी विचार केला. रब्बीत लाईट रात्रीची असली की तो बाराला शेतात जातो, मोटार चालू करून पहाटेपर्यंत दारं धरतो. सकाळी परत धारा, परत काम. वीस वर्षं त्याची झोप अशीच तुकड्यातुकड्यात गेली. कमी झोपेतच मर्दानगी आहे असं मानल्याशिवाय ते सोसवत नसेल. पण दादा, तुझी झोप तुझ्यावर सक्ती करून काढून घेतलीय. ती सक्ती लेकराला शिस्त म्हणून देऊ नकोस.

आता ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन जवळपास 21 टक्के असतो. दुपारी तेवढाच, पहाटे तीनलाही तेवढाच, लातुरात तेवढाच, माहूरच्या डोंगरावरही तेवढाच. रात्री झाडं ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट आपल्यासारखीच थोडा वापरतात. 41 टक्के असता तर पहाटे चूल पेटवणं जिवावर बेतलं असतं, कारण ऑक्सिजन 24-25 टक्क्यांवर गेला तरी आग आवरेनाशी होते. हे आठवीच्या पोरालाही सांगता यायला हवं, आणि आमच्या ग्रुपवर दोन डीएड आणि एक बीएससी आहेत.

ब्रह्ममुहूर्ताचंही तेच. मुहूर्त म्हणजे 48 मिनिटं. सूर्योदयाच्या दोन मुहूर्त आधी, म्हणजे 96 मिनिटं आधी, ब्रह्ममुहूर्त सुरू होतो. लातूरला वर्षातला सगळ्यात लवकरचा सूर्योदय पावणेसहाच्या आसपास. म्हणजे चार वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला कुठं तो सुरू होणार, आणि थंडीत तर पाचच्या पुढं. तीन वाजता लातुरात ब्रह्ममुहूर्त कधीच नसतो. ब्राह्ममुहूर्तावर उठावं हे आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिणाऱ्या वाग्भटानं सांगितलंय, बरोबर आहे, पण 'स्वस्थ' म्हणजे निरोगी माणसानं उठावं असं म्हटलंय. माझी आई चारला उठायची. ती साडेआठला झोपायचीही, हे कोणी सांगत नाही.

आयुर्वेदाचं नाव घेतलंच आहे तर चरकसंहिताच उघडू. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात शरीराचे तीन उपस्तंभ सांगितलेत: आहार, झोप आणि ब्रह्मचर्य. म्हणजे झोप जेवणाच्या पंगतीला बसवलीय. एकविसाव्या अध्यायात तर 'निद्रायत्तं सुखं दुःखं' अशी सुरुवात करून पुष्टी आणि काटकुळेपणा, बळ आणि दुबळेपण, ज्ञान आणि अज्ञान, जगणं आणि मरणंसुद्धा झोपेवर अवलंबून आहे असं सांगितलंय. अवेळी आणि अति झोपेला चरक नावं ठेवतो, त्यातलं 'अति' तेवढं उचलून मेसेजवाल्यानं चार तासांचा नियम केला.

दुपारच्या झोपेवरही तोच ग्रंथ पुरे. दिवसा झोपू नये असं चरक म्हणतो, हे अर्धं खरं. पण ग्रीष्मात रात्री लहान असतात म्हणून दिवसा झोपावं, असं तोच म्हणतो. आणि ज्यांना कधीही चालतं त्यांच्या यादीत अभ्यासानं थकलेले आहेत, ओझी वाहून थकलेले आहेत, वाटचालीनं थकलेले आहेत. बाराही महिने राबणाऱ्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटं डोळा लागला तर त्यात विष कसलं? तीन तास ताणून दिली तर रात्रीची झोप बिघडते, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

चहाचं दोन वाक्यांत. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला कडक चहा घेतला तर पहाटे चारलाही निम्मा अंगात असतो, झोप लागली तरी उथळ लागते.

मित्रांचं सूत्र वाचून मात्र मला संताप आला. भाच्यानं ते खरोखर पाळलं होतं. मेसची वेळ बदलली, गावाकडच्या पोरांचा ग्रुप सोडला, रूम पार्टनरशी कामापुरतं बोलायचं. आठवड्याच्या टेस्टमध्ये मार्क कमी पडले तेव्हा ते कोणालाच सांगितलं नाही, कारण लोक मागं हसतात. सतराव्या वर्षी, घरापासून दूर, झोप नाही, मार्क घसरलेले आणि बोलायला कोणी नाही. ह्या चार गोष्टी एकत्र आल्या की लेकरू कुठल्या टोकाला जाऊ शकतं, हे मराठवाड्यात कोणाला सांगायची गरज नाही.

ज्याला मेसेज वेळेचा चोर म्हणतो, त्याच पोरानं मला फोन केला. भाच्याचा राग पत्करून केला. त्यानं केला नसता तर मला दुसरा अपघात झाल्यावरच कळलं असतं.

हार्वर्डमध्ये 1938 पासून माणसांचं अख्खं आयुष्य बघत बसलेला एक अभ्यास चालू आहे. सुरुवातीला त्यात 724 पुरुष होते, काही विद्यापीठातले, काही बोस्टनच्या गरीब वस्त्यांतले. पन्नाशीत ज्यांची जिवाभावाची नाती चांगली होती, ते ऐंशीत जास्त धड निघाले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून जेवढा अंदाज बांधता आला, त्याहून चांगला ह्या नात्यांवरून बांधता आला. ती माणसं बोस्टनची, सगळे पुरुष, हे खरंय, त्यावरून आपल्याकडचं सगळं सिद्ध होत नाही. पण त्यासाठी बोस्टनला जायचीही गरज नाही. दादा, कोळपणीला तू शेजाऱ्याशी वारंगुळा करतोस. आज तू त्याच्या रानात, उद्या तो तुझ्या. त्याला तू वेळेची चोरी म्हणतोस का? दुष्काळाच्या सालात आबा गेले तेव्हा पारावरच्या माणसांनी तुला महिनाभर एकटं सोडलं नव्हतं. मागं कोण हसलं होतं तेव्हा?

वाईट संगत असते, मान्य. रात्र रात्र गेम खेळायला बसवणारा, पेपर फुटलाय म्हणून पैसे मागणारा, असला मित्र तोडावाच. पण त्यासाठी सगळ्यांनाच तोडा म्हणणं हा वेडेपणा आहे. आणि मित्रालाही सांगता येत नसेल असं काही मनात असेल, तर 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे. 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं. भिंतीवरचं ते पान आम्ही दोघांनी मिळून काढलं, तिथं आता हा नंबर आहे आणि खाली रूम पार्टनरच्या आईचा.

भाचा आता साडेदहाला झोपतो, सहाला उठतो, दुपारी मेसवरून आल्यावर वीस मिनिटं पडतो. आठ तास अजून भरत नाहीत. मार्क एकदम वाढले असंही नाही. पण परवा फोनवर तो अर्धा तास बोलला आणि मधे दोनदा हसला.

दादा, हा मेसेज तू घरच्या ग्रुपवर टाकलास, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलास आणि गावातल्या दहावी-बारावीच्या पालकांच्या ग्रुपवरही टाकलास. हे उत्तर त्या तिन्ही ठिकाणी टाक. पालकांच्या ग्रुपवर आधी टाक.