त्या पोराच्या डोक्यात हवा गेली नव्हती

गेल्या आठवड्यात कोल्हापुरात राजारामपुरीतलं ते बर्गरचं दुकान बंद झालं. शटरवर ‘भाड्याने देणे आहे’चा कागद लागला आणि त्याच संध्याकाळी कट्ट्यावर निकालही लागला, "पोराच्या डोक्यात हवा गेली हुती, दुसरं काय!" मला हे फार लागलं. त्या पोराला पहिल्या दिवसापासून बन मी दिलेत. त्याचं आणि दुकानाचं नाव इथं घालत नाही, त्याला ते आवडायचं नाही.

२०१४ साली तो आमच्या बेकरीत आला तेव्हा त्याच्याकडं एक गाडा होता, बस्स. मिसळीबरोबरसुद्धा पाव न घेता ब्रेड खाणारं हे गाव, इथं बर्गर कोण खाणार, असं मीच त्याला म्हणालो होतो. त्यानं ट्रेमधला बन उचलला, अंगठ्यानं दाबला आणि सोडला. खड्डा तसाच राहिला. "अण्णा, हा परत वर याय पाहिजे. नाहीतर टिक्की ठेवली की खालनं लगदा होतोय." पुढचे आठ-दहा दिवस तो रोज पहाटे भट्टीपाशी हजर. मळणी वाढवली, पीठ फुगायला जास्त वेळ दिला, मैदा बदलून बघितला. एकदाचा बन वर आला तेव्हा पोरगं लहान लेकरागत हसलं होतं.

त्याच्या बर्गरला चव होती ती त्याच्या आईच्या कांदा-लसूण चटणीची. ती मेयोनीजमध्ये कालवायची, ही अक्कल त्याची स्वतःची. बटाटा-मटारची टिक्की रोज सकाळी हातानं थापायची. पाटीवर चारच पदार्थ. संध्याकाळी सात वाजता गाड्याभोवती उभं राहायला जागा नसायची. दोन वर्षांत दुकान झालं, २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत सांगली, इचलकरंजी धरून सहा शाखा. मी त्याच्या भरवशावर पीठ मळायचं दुसरं मशीन घेतलं.

मग ऑगस्ट आला. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नरकडच्या त्याच्या दुकानात डीप फ्रीझर तरंगत होता. शिरोलीजवळ हायवे बंद, माल अडकलेला. त्यातनं उठतोय तोवर २०२० चं लॉकडाऊन, आणि जुलै २०२१ मध्ये परत पाणी. दोन वर्षांत तीन दणके. कट्ट्यावर बसून हवा मोजणाऱ्यांनी यातला एक तरी सोसून दाखवावा.

लॉकडाऊनमध्ये डिलिव्हरी ॲपनं धंदा तारला हे खरं, पण हिशेब बघा. १२० रुपयांच्या बर्गरवर पाव हिस्सा कमिशन धरलं तर गेले ३० रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ५ रुपये ४० पैसे. साध्या हॉटेलांना नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के जीएसटी आहे, पण त्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. त्यामुळं हे ५ रुपये ४० पैसे परत येत नाहीत. वर डबा, वर सवलत. आणि वाफेनं ओला झालेला बन गिऱ्हाइकाच्या दारात पोचतो तो वेगळाच. ज्या बनासाठी आम्ही पहाटे जागलो, त्याला लोक घरात बसून ‘चिवट’ म्हणून एक स्टार द्यायचे.

त्याची चूक झालीच नाही असं मी म्हणत नाही. कर्ज फेडायला त्यानं फ्रँचायझी विकल्या, तिथं गाडं अडलं. फ्रँचायझीवाल्यांना गल्ला लवकर भरायचा होता. कुणाला पिझ्झा हवा, कुणाला मोमो, कुणाला मोहितो. चार पदार्थांच्या पाटीचं चार पानी मेनूकार्ड झालं. हातानं थापायची टिक्की गोठवलेली यायला लागली, आणि चटणी आईच्या हातची राहिली नाही.

१९४८ साली अमेरिकेत सॅन बर्नार्डिनोला मॅकडोनाल्ड भावांनी चालतं दुकान काही महिने बंद ठेवून मेनू नऊ पदार्थांवर आणला होता. १५ सेंटला हॅम्बर्गर, पटापट आणि रोज तसाच. आमच्या पोरानं उलटी वाट धरली. हीच कंपनी १९९६ मध्ये भारतात आली तेव्हा बन, टिक्की, लेट्युस कोण पुरवणार याची जुळणी तिनं दुकान उघडायच्या आधी कित्येक वर्षं केली होती. तेवढे पैसे आणि तेवढा धीर राजारामपुरीतल्या पोराला कोण देणार? बँक त्याला शाखा किती ते विचारायची. टिक्की कोण थापतंय हे एकदाही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र गावाला माहीत नाही, ती सांगतोच. एका फ्रँचायझीवाल्यानं माझी चार महिन्यांची बिलं बुडवली आणि फोन उचलणं बंद केलं. कागदोपत्री या पोराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी तो दर महिन्याच्या पाच तारखेला बेकरीत येऊन, काउंटरवर पैसे मोजून ठेवून जायचा. गेल्या दिवाळीला शेवटचा हप्ता दिला. मी नको म्हणालो तर म्हणाला, "अण्णा, बनाचे पैसे आहेत, ठेवा."

डोक्यात हवा गेलेला माणूस असं करत नाही.

आता त्याची दोनच दुकानं उरलीत. पाटीवर परत चार पदार्थ, टिक्की सकाळी सहापासून तो आणि त्याची बायको थापतात. माझी कोल्हापूरकरांना हात जोडून विनंती आहे, ॲप बाजूला ठेवा, गाडीला किक मारा आणि दुकानात जाऊन तव्यावरचा गरम बर्गर उभ्यानं खा. पैसे त्याच्या हातात द्या. आवडला नाही तर तोंडावर सांगा, तो ऐकून घेतो.

काल त्यानं बारा डझन बन सांगितले होते. आज पंधरा सांगितलेत.